हुनर आहे, कागद नाही

दहावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "मार्क कमी पडले ना, मग आयटीआयला टाका." या 'टाका' शब्दाला माझा आक्षेप आहे. जणू मुलगा नव्हे, अडगळीतले सामानच!

गंमत अशी की, आपला समाज हातांवरच जगतो. मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग, गॅरेज, वेल्डिंग, फर्निचर, एसी दुरुस्ती, सगळीकडे आपली मुले दिसतात. मुसलमान नोकरीपेक्षा स्वयंरोजगारात अधिक आहेत, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवले होते. म्हणजे हुनर आहे. कागद नाही. उस्तादाच्या हाताखाली दहा वर्षे घालवलेल्या कारागिराला रेल्वेच्या अप्रेंटिसशिपचा अर्जही भरता येत नाही, कारण तिथे दहावीसोबत आयटीआयचे प्रमाणपत्र मागतात.

आणि आता नुसता हातही पुरत नाही. पूर्वी उस्ताद इंजिनाचा आवाज ऐकून बिघाड सांगायचा. १ एप्रिल २०२० पासून देशात नव्या गाड्या बीएस-६ च्याच विकल्या जातात. त्यांत सेन्सर आहेत, ईसीयू आहे. बिघाडाचा कोड स्कॅनरवर येतो, आणि तोही इंग्रजीत. कान तयार असलेला, पण तो कोड वाचता न येणारा कारागीर हळूहळू मागे पडणार.

इथे आम्हा शिक्षकांची जबाबदारी सुरू होते. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवते. आमचा विद्यार्थी विजेच्या प्रवाहाला 'बर्क़ी रौ' म्हणतो, रोधाला 'मुज़ाहमत'. मराठी शाळेतला मुलगा 'विद्युतधारा' म्हणतो. वर्कशॉपमध्ये दोघांनाही 'करंट' आणि 'रेझिस्टन्स' ऐकावे लागते. मुलाला विषय येत असतो, फक्त शब्द ओळखीचा नसतो. पण वर्गात तो गप्प बसतो आणि 'कच्चा' ठरतो. मातृभाषेतून शिकण्याचा दोष यात नाही. तीन भाषांमधला पूल आम्ही बांधला नाही, हा दोष आहे.

हा पूल बांधायला सरकारी आदेशाची वाट पाहायला नको. आठवीपासून विज्ञानाच्या प्रत्येक धड्यानंतर उर्दू, मराठी आणि इंग्रजी शब्द एका वहीत लिहून घ्यावेत. गणिताच्या तासाला मोजपट्टीबरोबर व्हर्नियर कॅलिपर हातात द्यावे. वर्षातून एकदा तरी जवळच्या आयटीआयचे वर्कशॉप मुलांना दाखवावे, आणि मुलींनाही न्यावे. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा ड्राफ्ट्समन हे ट्रेड मुलींचे नाहीत, असे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. ते फक्त आपल्या मनात लिहिलेले आहे.

काही जण विचारतील, "म्हणजे श्रीमंताच्या मुलाने इंजिनिअर व्हायचे आणि गरिबाच्या मुलाने पाना धरायचा का?" प्रश्न रास्त आहे. पण आयटीआय ही बंद गल्ली नाही. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंग पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. अट एकच : गणित आणि विज्ञान पक्के हवे. इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडलाही दहावीत हे दोन विषय लागतात. म्हणूनच, अभ्यासात कमी असलेल्याला 'टाकायची' ही जागा नव्हे.

जे आधीच कामाला लागले आहेत, त्यांच्यासाठीही वाट आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करता करता शिकलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय होती आणि आहे. मशिदीच्या फळ्यावर चंद्रदर्शनाची सूचना लागते, तशी आयटीआय प्रवेशाची तारीखही लागायला काय हरकत आहे?

इल्म आणि हुनर यांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडून आपण दोन्ही गमावतो आहोत. या जूनमध्ये आपल्या घरातल्या, शेजारच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला एवढेच विचारा : तुला काय बनवायला आवडते? मार्कांचे त्यानंतर बघू.