नगर अर्बन बँक : दोष सहकाराचा की पर्यवेक्षणाचा?

नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला, तेव्हापासून सहकारी बँकिंगची रचनाच सदोष आहे आणि संचालकपदी राजकारणी असतील तोवर असे घडतच राहणार, हे मत वारंवार मांडले जाते. हे मत अपहाराचे मूळ संस्थेच्या प्रकारात शोधते, आणि तेथेच ते चुकते. २०१८ मध्ये उघड झालेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात मुंबईतील एका शाखेतून बनावट हमीपत्रांच्या आधारे सुमारे १३ हजार कोटी रुपये उचलले गेले. ती बँक सरकारी मालकीची होती, आणि आंतरबँक संदेश वाहणाऱ्या स्विफ्ट यंत्रणेच्या गैरवापराचा इशारा रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना २०१६ पासून अनेकदा दिलेला होता.

नगरमध्ये काय घडले? १९१० मध्ये स्थापन झालेल्या या बँकेत तारण मालमत्तेच्या किमती फुगवून कर्जे मंजूर झाल्याचे आरोप झाले, शेवगाव शाखेत गहाण ठेवलेले सोने बनावट निघाले, आणि न्यायवैद्यक लेखापरीक्षणाने, म्हणजे न्यायालयात पुरावा म्हणून टिकावे अशा रीतीने केलेल्या हिशेबतपासणीने, अपहाराचा आकडा २९१ कोटींपर्यंत नेला. अशा प्रत्येक कर्जप्रकरणामागे मूल्यांकनाचा दाखला, मंजुरीचा ठराव आणि पैसा कोणत्या खात्यात वळला याची नोंद असते. ही कागदपत्रे कर्ज देण्याच्या दिवशीच तयार होतात, पण त्यांची कसून छाननी बँक बुडू लागल्यावर होते.

पर्यवेक्षण झालेच नाही, असेही म्हणता येत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आला, २०२१ च्या अखेरीस निवडणूक होऊन नवे मंडळ बसले, आणि ६ डिसेंबर २०२१ रोजी ठेवीदाराला १० हजार रुपयांपेक्षा अधिक रक्कम काढण्यास मनाई झाली. ज्याने कर्ज बुडवले त्याच्या आधी ज्याने विश्वासाने पैसा ठेवला त्याचे हात बांधले गेले. हा अन्याय आहे, आणि तो नियमांना धरून झाला म्हणून सौम्य ठरत नाही.

यावर ठेव विम्याचे उत्तर दिले जाते. फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा १ लाखावरून ५ लाख झाली आणि त्यामुळे बहुसंख्य ठेवीदार सुटले, हे खरेच आहे. परंतु मर्यादा खात्यामागील माणसे मोजत नाही. पतसंस्थेने बँकेत ठेवलेली रक्कम एकाच ठेवीदाराची धरली जाते, मग तिच्यात शेकडो दूधउत्पादकांची आणि हमालांची बचत का असेना. आणि पतसंस्थेतील सभासदांच्या ठेवींना तर हा विमा लागूच होत नाही. पतसंस्थांचे जाळे गावोगाव पसरलेल्या या जिल्ह्यात हा भेद किरकोळ नाही.

म्हणून उपाय कर्जमंजुरीच्या टप्प्यावरच हवा. मूल्यांकनकर्ता बँकेने निवडलेला नसावा. मोठ्या कर्जांत दुसरे, स्वतंत्र मूल्यांकन सक्तीचे असावे आणि खोट्या दाखल्याची वैयक्तिक भरपाई मूल्यांकनकर्त्यावर बसावी. बँकांच्या तपासणीचे अहवाल माहिती अधिकारात द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेविरुद्ध दिला होता. त्याच तत्त्वाने अहवालाचा सारांश दरवर्षी सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे बंधनकारक केले, तर ज्यांचा पैसा आहे त्या सभासदांना प्रश्न विचारण्यास आधार मिळेल, आणि सहकाराच्या रचनेत मुळातच असलेला सभासदांचा अंकुश पुन्हा वापरात येईल.