इकोचं बटण आणि राजूर घाट

'इको'चं बटण आता बऱ्याच नव्या पिकअपमध्ये दिसतं. शोरूममधला माणूस ते दाबून दाखवतो, अॅव्हरेजचा आकडा सांगतो आणि गिऱ्हाईक भाळतं. माझा मामा असाच भाळला. हप्त्यावर गाडी घेतली, महिनाभरात अॅव्हरेज सांगितल्यापेक्षा बरंच कमी भरलं, आणि मामाने सरळ ड्रायव्हरवर आळ घेतला की तू डिझेल काढतोस.

ड्रायव्हर मला म्हणाला, "भाऊ, मी कायले काढू? घाटात इको ठेवली का गाडी दमते. मंग गिअर पाडावाच लागते."

मेकॅनिकलला असल्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. (सबमिशन सोडून घरातलं सगळं माझ्याकडेच येतं.)

आजच्या डिझेल गाडीत पायाखालचं पॅडल इंजिनाला फक्त निरोप देतं. किती डिझेल सोडायचं ते ईसीयू ठरवतो. इको लावलं की पाय तेवढाच दाबूनही डिझेल कमी सुटतं, आणि जोरही कमी मिळतो. इंजिन तेच राहतं. महिंद्राने २०१६ साली ब्लॅझो ट्रकमध्ये टर्बो, हेवी आणि लाइट असे तीन मोड दिले. नावं बघा, मोड मालाप्रमाणे निवडायचा ही कबुली त्यातच आहे!

आता मामाची खेप. मलकापूरला खताच्या पिशव्या भरायच्या, मोताळ्यावरून राजूर घाट चढून बुलढाण्याला उतरवायच्या आणि रिकामं परतायचं. गाडी व माल मिळून ३ टन आणि चढ ३०० मीटर धरला, तर नुसतं वर उचलायलाच साधारण ८८ लाख ज्यूल लागतात. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख ज्यूल असतात, पण इंजिन त्यातले ३० टक्के चाकापर्यंत पोचवतं असं धरू. म्हणजे पाऊण लिटरच्या वर डिझेल फक्त उंचीचं. कोणतंही बटण ते वाचवू शकत नाही. उलट इकोमुळे तिसऱ्याचा दुसरा करावा लागला, तर त्याच वेगाला आरपीएम वाढतात आणि घर्षणात जास्त डिझेल जातं. ड्रायव्हरचं बोलणं शंभर टक्के खरं होतं.

मग इको कुठे कामाचं? रिकाम्या गाडीला, सपाट रस्त्यावर, आणि ज्याचा पाय जड आहे त्याला. पण तिथेही खरी बचत वेगात आहे. ६० चे ८० केले की हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. शांत चालवणाऱ्याला बटणाने फारसा फरक पडत नाही. घाट उतरताना तर गिअरमध्ये ठेवून पाय काढला की ईसीयू डिझेल बंदच करतो. न्यूट्रल टाकणारे मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जाळतात आणि ब्रेकही तापवतात.

माझं म्हणणं एवढंच की शोरूमच्या आकड्यावरून कुणाला चोर ठरवू नये. टाकी फुल्ल करा, खेप करा, त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करा, आणि वहीत लिटर, किलोमीटर, माल, रस्ता चारही लिहा. अशा आठ-दहा खेपा झाल्या, आणि तशाच खेपेला डिझेल अचानक जास्त गेलं, तर मग संशय घ्या.

मामाने सगळा हिशेब ऐकला, मान हलवली आणि वही आणली. ड्रायव्हर मात्र तोवर चिखलीच्या एका मालकाकडे कामाला लागला होता.