छपरावर छत्री, पडद्यावर परकी भाषा

चंद्रपूर – गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या जंगलपट्ट्यात घराच्या छपरावर दूरचित्रवाणीची छत्री दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. प्रसारभारतीच्या आधुनिकीकरणासाठी केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये २,५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमावर्ती भागांत आठ लाखांहून अधिक 'डीडी फ्री डिश' संच मोफत वाटण्याची तरतूद तीत करण्यात आली. उपग्रहामुळे प्रक्षेपण पोचविण्याची अडचण बरीचशी दूर झाली आहे. मात्र त्या छत्रीतून कोणाचा आवाज घरात उतरतो आणि या जंगलातील माणसाचा आवाज पडद्यावर कधी येणार, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच आहे.

भाषा अनेक, वाहिनी एक

चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार असून त्यात अनुसूचित जमातींचा वाटा ३८ टक्क्यांहून अधिक आहे. भामरागड, एटापल्लीत माडिया बोलली जाते, तर धानोरा, कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी. सिरोंचात तेलुगू चालते. चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली ऐकू येते. चंद्रपूरच्या जिवती-राजुरा भागात कोलामीही आहे. या सर्वांसाठी दूरदर्शनची प्रादेशिक वाहिनी एकच, ती म्हणजे मराठी 'सह्याद्री'.

बोलणारे थोडे म्हणून वाहिनी नाही, हे स्पष्टीकरण टिकणारे नाही. २०११ मध्ये देशात गोंडी भाषकांची संख्या २९ लाख ८४ हजार होती. सुमारे १४ लाख ८३ हजार भाषकांची बोडो २००३ च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली. तिच्या दुप्पट भाषक असलेली गोंडी अद्याप बाहेरच आहे. गोंडी समाज महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा राज्यांत विभागला गेल्याने ती कोणत्याच राज्याची 'आपली' भाषा ठरली नाही.

कायद्यातील आश्वासन

वस्तुतः प्रसारभारती कायदा, १९९० याबाबत संदिग्ध नाही. देशातील विविध संस्कृती आणि भाषांना पुरेसे स्थान देणे, त्यासाठी योग्य कार्यक्रम प्रसारित करणे, हे त्याच्या १२ व्या कलमाने महामंडळाचे कर्तव्य ठरविले आहे. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. मात्र याच कायद्याच्या २३ व्या कलमान्वये केंद्र सरकार सुरक्षा आणि सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणावरून प्रक्षेपणाबाबत निर्देश देऊ शकते. नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या जिल्ह्यात या तरतुदीला वेगळेच वजन येते.

लोकांनी स्वतःच वाहिनी काढावी म्हटले, तर बातम्यांच्या वाहिनीसाठी किमान २० कोटी रुपयांच्या नक्त मालमत्तेची अट आहे. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओचे दार उघडले. पण स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. सामुदायिक दूरचित्रवाणीसाठी तर धोरणच नाही.

माहिती कोणाकडून?

हा केवळ भाषाप्रेमाचा विषय नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सूरजागड लोहखाणीच्या विस्ताराची जनसुनावणी गडचिरोली मुख्यालयात झाली. खाण एटापल्ली तालुक्यात, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. ज्यांच्या जमिनी, पाणी आणि जंगल यांचा प्रश्न, त्यांना प्रकल्पाचा तपशील त्यांच्याच भाषेत घरबसल्या ऐकता आणि प्रश्न विचारता आले असते, तर त्या सुनावणीला वेगळा अर्थ आला असता.

अनेक वर्षे या भागात माहितीची दोनच ठळक साधने होती: एकीकडे पोलिसांचे आवाहन, दुसरीकडे माओवाद्यांचे पत्रक. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने सुमारे ६० साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केले. बंदुकीचा आवाज क्षीण होत असताना ती पोकळी कोण भरणार, हे ठरविण्याची हीच वेळ आहे.

इतरांनी काय केले?

शेजारच्या छत्तीसगडमध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या 'सीजीनेट स्वर'ने साध्या मोबाइलवरून गोंडी माणसाला आपली तक्रार आणि बातमी नोंदविण्याची सोय दिली. कॅनडात १९९९ मध्ये मूलनिवासींची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. प्रत्येक केबल ग्राहकाच्या वर्गणीतील छोटा हिस्सा तिला मिळतो. न्यूझीलंडमध्ये २००४ मध्ये माओरी वाहिनी आली. ऑस्ट्रेलियाची आदिवासी वाहिनी २०१२ पासून 'एसबीएस' या सार्वजनिक प्रसारण संस्थेमार्फत सर्वांना विनामूल्य दिसते. संख्येने लहान समाजासाठी बाजार वाहिनी काढत नाही. ती सार्वजनिक पैशातून किंवा कायद्याच्या बळावरच उभी राहते, हा या उदाहरणांचा अर्थ आहे.

येथे लगेच चोवीस तासांच्या वाहिनीची अपेक्षा नाही. 'फ्री डिश'वर रोज एक तास गोंडी-माडियासाठी राखून ठेवता येईल. खासगी वाहिन्यांना जागा लिलावाने देऊन प्रसारभारती जे उत्पन्न मिळवते, त्यातील अंश यासाठी वळविता येईल. २०११ मध्ये स्थापन झालेले गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ स्थानिक युवकांना प्रशिक्षण देऊ शकेल. मात्र कार्यक्रम ठरविणाऱ्या मंडळात ग्रामसभांचे प्रतिनिधी असावेत आणि बातमीची निवड जिल्हा प्रशासनाच्या हाती नसावी, ही अट सोडून चालणार नाही. २००९ मध्ये १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविणारी मेंढा (लेखा) ग्रामसभा सर्वसहमतीने कारभार करते. जंगल सांभाळणाऱ्या गावांना तासाभराचा कार्यक्रम सांभाळता येणार नाही, असे मानण्याचे कारण नाही.

संच वाटणे सोपे असते. त्याची आकडेवारी अहवालात शोभून दिसते. भामरागडच्या आजीला तिच्याच भाषेत बातमी कळली का, याचा रकाना मात्र त्या अहवालात नसतो. सार्वजनिक प्रसारणाची खरी कसोटी त्या रकान्यातच आहे.