आपल्या गोडीचा हिशेब

मांडव्यात उसाचे फड नाहीत, साखर कारखान्याची चिमणी नाही, मळीचा वास नाही. म्हणून साखरेच्या पापात आपला वाटा नाही, अशी आपण किनाऱ्यावरच्या लोकांनी समजूत करून घेतली आहे. पण पाडव्याला आपल्या गुढीला साखरेच्या गाठी लागतात, बारशाला पेढे लागतात, दारी आलेल्याला चहा लागतो. तोंड गोड केल्याखेरीज आपले कोणतेही शुभकार्य पुरे होत नाही. ही चाल वाडवडिलांची आहे आणि तिच्यात आपुलकीही आहे. मात्र ही साखर कोणत्या नदीचे पाणी नासवून आपल्या घरी आली, हे आपल्या आजोबांनी विचारले नाही आणि आपणही विचारत नाही.

पाडव्याच्या सुमारास घाटावर गाळप हंगाम संपत आलेला असतो आणि नद्या आटलेल्या असतात. पंचगंगेच्या, कृष्णेच्या काठची माणसे मळीमिश्रित पाण्याची तक्रार वर्षानुवर्षे करीत आली आहेत. कारखान्यांच्या त्या सांडपाण्यात साखर विरघळलेली असते. जिवाणू ती खातात आणि खाता खाता पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग मासे वर येतात, तोंडाची उघडझाप करतात आणि मरून काठाला लागतात. गुदमरलेला मासा कसा दिसतो, हे मांडव्याच्या कोळ्याला सांगावे लागत नाही. आपण जिला गोडी म्हणतो, तीच तेथे जीव घेते. शिवाय वाहून गेलेली ही साखर शेतकऱ्याच्याच घामाची असते. गळक्या पंपांतून, उतू गेलेल्या रसातून, निष्काळजी धुलाईतून ती गटारात जाते. कारखान्याचा तोटा आणि नदीचे मरण एकाच हलगर्जीपणातून जन्मतात.

यावर उपाय ठाऊक नाही, असे म्हणण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. उसात सुमारे 70 टक्के पाणीच असते. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून ते पाणी पुन्हा वापरले, तर नदीतून फारसे पाणी उचलावे लागत नाही. वाफेची काटकसर केली, तर वाचलेल्या बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज होते. रस गाळून उरलेल्या गाळाचे, म्हणजे प्रेसमडचे, खत होते. टनभर उसामागे 200 लिटरांहून अधिक सांडपाणी सोडू नये, असा केंद्राचा नियम 2016 पासून आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी सहकारी कारखाना उभा केला, तेव्हा शेतकरी त्याचा मालक झाला. पण मालकीबरोबर येणारी जबाबदारी त्याने घेतली नाही. वार्षिक सभेत उसाच्या दरावरून रान उठते. सांडपाण्याबद्दल कोणी उठून विचारत नाही. आपण गिऱ्हाईक तर किलोच्या भावापलीकडे पाहतच नाही.

वाडवडिलांकडून आलेली चाल आपण याआधीही मोडली आहे. एके काळी विधवेचे केशवपन आपल्याला धर्म वाटत होते. ज्या घरांत तो वस्तरा चालला, त्याच घरांतल्या मुलांनी पुढे तो थांबवला. नदीबाबतही हे होईल, कारण अंधत्व वारशाने आले तरी ते जन्मभर बाळगण्याची सक्ती कोणावर नसते. सभासदाने दराआधी पाण्याचा हिशेब मागावा. आपण गिऱ्हाइकांनी प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याचे आकडे लोकांसमोर ठेवण्याचा आग्रह ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत धरावा. मालक आणि गिऱ्हाईक दोघेही विचारू लागले, की रात्रीच्या अंधारात नदीकडचा व्हॉल्व्ह उघडण्याची छाती कोणत्याही चेअरमनला होणार नाही.