शीण आणि चिंता



दिवस मावळल्यावर घरधनी घरी येतो, तेव्हा त्याने तोंडातून शब्द काढण्यापूर्वीच घरातल्या माणसांना बरेच काही कळलेले असते. चपला दाराशी नीट काढून ठेवल्या की भिरकावल्या, पाण्याचा तांब्या सावकाश रिता केला की अर्धा पिऊन बाजूला सारला, एवढ्यावरून मुले आज बापाजवळ बसावे की पुस्तक घेऊन कोपऱ्यात जावे हे ठरवितात. शेतात, बाजारात, कारखान्यात किंवा कचेरीत वाईट गेलेला दिवस असा माणसाच्या पावलांबरोबर घरात शिरू पाहतो. त्याला दाराबाहेर कसे ठेवावे, आणि नेहमीच बाहेर ठेवावे काय, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही या खेपेस योजिले आहे.

हा विषय आम्हांस सुचला तो सुरत शहरी. गेल्या हिवाळ्यात कतारगाम येथे एका परिचित कुटुंबाकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. कतारगाम हा सुरतेच्या उत्तर अंगाचा, तापीच्या जवळचा भाग. एके काळी हे शेतीवाडीचे गाव होते आणि येथील पापडीचे नाव उंधियू करणाऱ्या सुगरणींच्या तोंडी आजही आहे. हल्ली मात्र तेथे उंच इमारती आणि हिऱ्यांना पैलू पाडण्याचे कारखाने दाटीने उभे आहेत. जगात विकल्या जाणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ हिरे सुरतेतील कारागिरांच्या हाताखालून जातात असे म्हणतात. हे काम करणाऱ्यांत सौराष्ट्रातून आलेले लोक पुष्कळ. तथापि आपल्या खानदेशातील माणसेही तेथे आहेत. आमचे यजमान त्यांपैकीच एक. नंदुरबारकडच्या एका खेड्यातून ते बावीस वर्षांपूर्वी सुरतेस गेले.

हे काम कसे चालते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. 'घंटी' म्हणून एक मेज असते. त्याच्या मधोमध लोखंडी चकती वेगाने फिरत असते व तिच्यावर तेलात कालवलेली हिऱ्याची भुकटी लावलेली असते. भोवती चौघे बसतात आणि हिरा चकतीवर टेकवून, उचलून, दहा पट मोठे दाखविणाऱ्या भिंगातून पाहून, पुन्हा टेकवितात. गोल हिऱ्याला सत्तावन किंवा अठ्ठावन पैलू असतात. हिरा कित्येकदा तिळाहूनही लहान. एखादा पैलू तिरपा गेला, की दिवसाची अर्धी मेहनत पाण्यात. मजुरी बहुधा नगावर असल्याने हात थांबला की मिळकतही थांबते. असा दिवस वाईट जाण्यास कोणी मुद्दाम वाईट वागावे लागत नाही. नजर थकली, एक नग बिघडला, वरिष्ठाने चार माणसांदेखत दोन शब्द ऐकविले, एवढे पुरते.

आम्ही यजमानांना सहज विचारले, "अशा दिवशी आपण काय करता?" ते हसून म्हणाले, "सरळ घरी येत नाही." आम्ही थोडे चपापलो; परंतु त्यांच्या म्हणण्याचा अर्थ वेगळा होता. सिंगणपोर आणि रांदेर यांना जोडणारा एक कॉजवे तापीवर आहे. पावसाळ्यात नदी भरली, की तो पाण्याखाली जातो व रहदारी बंद होते. एरवी त्याच्या वरच्या बाजूस अडविलेले पाणी दूरवर पसरलेले दिसते. वाईट दिवशी यजमान तेथे जातात, काठावर पंधरा-वीस मिनिटे उभे राहतात आणि पलीकडच्या तीराकडे नुसते पाहत राहतात. "दिवसभर वीतभर अंतरावर पाहिलेले असते. लांब पाहिले, की डोक्यातली गाठ सुटते," असे ते म्हणाले.

यात शास्त्र आहे. जवळची वस्तू न्याहाळताना डोळ्यातील बारीक स्नायू आवळलेले राहतात. दूर पाहिले, की ते सैल पडतात. मनाचेही असेच आहे. संतापलेल्या किंवा धास्तावलेल्या माणसाचा श्वास आखूड व उथळ होतो आणि छाती धडधडते. तोच श्वास सावकाश घेतला, आणि घेण्यापेक्षा सोडण्यास अधिक वेळ लावला, तर काही मिनिटांत नाडी शांत होऊ लागते. यास पैसा लागत नाही की गुरू लागत नाही.

घरी आल्यावर त्यांचा दुसरा नेम असा, की मोरीत बसून हात साबणाने खसखसून धुवायचे. तेल आणि भुकटी यांचा काळसर थर बोटांच्या टोकांना बसलेला असतो. तो निघून साबणाचा काळा फेस वाहून गेला, की कारखाना संपला. त्यानंतर अर्धा तास त्यांना कोणी काही विचारायचे नाही, हा त्या घराचा अलिखित नियम. पत्नी चहा देते आणि हिवाळ्याचे दिवस असले तर समोर पापडीची टोपली सरकविते. दोघे समोरासमोर बसून शेंगा सोलतात. बोलणे आपोआप सुरू होते, कारण हात कामात असले आणि डोळे शेंगांकडे असले, की मनातले सांगणे सोपे जाते. आमच्या खेड्यांत ओसरीवर वाल सोलताना किंवा भुईमुगाच्या शेंगा फोडताना बायाबापड्यांची निम्मी दुःखे अशीच हलकी होत आली आहेत.

येथे चहाचे नाव निघाले म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. १६३८ साली मांडेल्सलो नावाचा एक जर्मन प्रवासी सुरतेस इंग्रज व्यापाऱ्यांच्या वखारीत उतरला होता. तेथील मंडळी रोजच्या बैठकीत चहा घेत असे त्याने लिहून ठेविले आहे. त्याच्याच लिखाणात त्या काळच्या एका मद्याचाही उल्लेख येतो. पुढील काळातील इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या भव्य कबरी आजही कतारगाम दरवाजाजवळ उभ्या आहेत. घरापासून दूर, नफ्यातोट्याच्या चिंतेत दिवस काढणाऱ्या माणसांपुढे तेव्हाही हेच दोन पेले होते आणि आजही तेच आहेत. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून, म्हणजे १९६० पासून, दारूबंदी आहे. तरी चोरून पिणारा पितोच, आणि आमच्या खेड्यांची कथा तर वाचकांस ठाऊकच आहे. दारूने झोप लवकर येते हे खरे. परंतु ती झोप उत्तररात्री मोडते, आणि सकाळी माणूस आदल्या दिवसापेक्षा अधिक थकलेला व अधिक चिडका उठतो. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर चित्रे पाहत पडून राहण्याची नवी सवयही याच जातीची. तिने दिवस विसरला जातो, पण शीण उतरत नाही.

एवढ्यावर हा लेख संपला असता. परंतु त्या रात्री जेवणानंतर यजमानीणबाईंनी जी हकीकत सांगितली, तिने आमचे मत बदलले, आणि खरे सांगायचे तर तिच्यासाठीच आम्ही लेखणी उचलली.

२०२४ चा पावसाळा. हिऱ्यांना मागणी नव्हती. यजमानांच्या कारखान्यात प्रथम कामाचे तास कमी झाले, मग दिवस कमी झाले आणि एका सोमवारी काही घंट्या बंदच राहिल्या. यजमानांना सांगण्यात आले, की बोलावणे येईल तेव्हा या. हे त्यांनी घरी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी डबा घेऊन ते बाहेर पडले आणि एका बागेत जाऊन बसले. कॉजवे तर पाण्याखाली होता. दुपारी बाकावर डबा खाल्ला, संध्याकाळी नेहमीच्या वेळी घरी परतले, हात धुतले, चहा घेतला. असे दिवसामागून दिवस गेले. लांब पाहणे झाले, श्वास मोजणे झाले, अर्ध्या तासाचे मौनही झाले. पण रात्री झोप येईना आणि घास गळ्याखाली उतरेना.

बाईंच्या ध्यानात ही गोष्ट आली ती मोरीत. साबणाचा फेस पांढराच वाहत होता. त्या चार दिवस काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मुले निजल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "चार दिवस झाले, फेस पांढराच निघतो. तुम्ही घंटीवर बसत नाही. मला सांगा, म्हणजे किराणा त्या हिशेबाने आणीन."

यजमान सांगत होते, की त्या एका वाक्याने छातीवरचा धोंडा हलला. त्यांना भीती होती ती रडारडीची किंवा बोल लावण्याची. आणि आला तो किराणामालाचा हिशेब. त्याच रात्री मुलीच्या वहीचे एक पान फाडून दोघांनी त्यावर घरभाडे, दूध, शाळेची फी, भिशीचा हप्ता असे सारे लिहून काढले. बाईंनी शेजारणीकडून साड्यांना लेस लावण्याचे काम मिळविले. गावी धाकटा भाऊ विहिरीच्या मोटारीसाठी पैशांची वाट पाहत होता. त्याला फोन करून खरे ते कळविले. भाऊ क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "दादा, आधी का नाही सांगितले?" आठवड्याभरात त्याने ज्वारीची दोन पोती पाठविली. तीन आठवड्यांनी यजमानांना पुन्हा बोलावणे आले. मजुरी पूर्वीइतकी मिळेना आणि आजही मिळत नाही. पण झोप परतली ती काम परतण्यापूर्वीच, हे बाईंनी आम्हांस मुद्दाम सांगितले.

वाचकहो, शीण आणि चिंता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शीण हा झालेल्या दिवसाचा असतो. तो पाण्याने, वाऱ्याने, मौनाने, झोपेने उतरतो. चिंता ही येणाऱ्या दिवसाची असते, आणि ती दुसऱ्या माणसाच्या कानी घातल्याशिवाय उतरत नाही. शीण उंबरठ्याबाहेर ठेवावा. चिंता मात्र हाताला धरून घरात आणावी. आपण नेमके उलटे करितो. शिणाचा राग बायकामुलांवर काढतो आणि चिंता पोटात दडवून ठेवितो.

दडविण्याचे मूळ लाजेत असते. काम गेले म्हणजे आपणच कोठे तरी कमी पडलो, असे कष्टाळू माणसास वाटते. वास्तविक सुरतेतील घंटी थांबते ती बहुधा सातासमुद्रांपलीकडच्या कारणांनी. २००८ च्या अखेरीस जगभर मंदी आली, तेव्हा येथील हजारो कारागीर गावी परतले. २०२२ मध्ये रशिया व युक्रेन यांचे युद्ध पेटले आणि पुढे रशियाच्या हिऱ्यांवर निर्बंध आले. अमेरिकेत व चीनमध्ये मागणी घटली. यंत्रात तयार केलेल्या हिऱ्यांचे भाव कोसळले. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्के जकात बसविली. यांपैकी कोणती गोष्ट कतारगामच्या एका कारागिराच्या हाती होती?

या लाजेने काही घरांत फार मोठे दुःख झाले आहे; कित्येक कारागिरांनी आपला जीव दिला. म्हणूनच जुलै २०२४ मध्ये हिरा कामगारांच्या संघटनेने खचलेल्या कारागिरांसाठी फोनवरून मदत देण्यास आरंभ केला, आणि थोड्याच दिवसांत शेकडो लोकांनी फोन केले. पुष्कळांचे मागणे साधे होते : काम मिळेल काय, मुलांची फी भरण्यास काही साहाय्य होईल काय. अशा माणसास नुसता उपदेश पुरत नाही, तर एखादा मार्ग दाखवावा लागतो. सरकारची 'टेली-मानस' नावाची फोनसेवाही २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. फोनला पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. जो माणूस जेवत नाही, झोपत नाही, आपल्या वस्तू वाटून टाकू लागतो किंवा 'माझ्यावाचून तुमचे बरे चालेल' असे बोलतो, त्याला एकटे सोडू नये आणि वेळ न दवडता वैद्याकडे न्यावे.

आमचे अखेरचे सांगणे गावाकडच्या मंडळींस आहे. तुमचा मुलगा किंवा भाऊ सुरतेस, मुंबईस, वापीस कामाला असेल. रविवारी त्याचा फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा विचारू नका. जेवलास काय, झोप लागते काय, काम नीट चालले आहे काय, हे आधी विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आईबापांनी एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे, की बाळा, काम सुटले तरी घर सुटत नाही. असे एकदा ऐकलेला मुलगा डबा घेऊन बागेत बसून राहणार नाही.

आम्ही निघालो त्या संध्याकाळी यजमान कामावरून आले, मोरीत बसले आणि हात धुऊ लागले. बाई चहाचे आधण ठेवता ठेवता एकदा तिकडे डोकावल्या. फेस काळा होता. त्यांनी पापडीची टोपली पुढे सरकविली.