लाइनवर एकत्र, खोलीवर वेगळे

30 जुलै 2018 रोजी मराठा आरक्षणासाठी खेड तालुका बंद होता. चाकणच्या चौकात आंदोलन झाले आणि बघता बघता पुणे-नाशिक रस्त्यावर पीएमपी आणि एसटीच्या गाड्या पेटल्या. पोलिसांवर दगड आले, अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी लागली. आठवडाभर आधीच कायगाव टोक्याला एका तरुणाने गोदावरीत उडी घेऊन जीव दिला होता, त्यामुळे लोकांची चीड खरी होती. पण जाळल्या त्या गाड्या होत्या कोणाच्या? भोसरीहून चाकणला शिफ्ट गाठणारा कामगार त्यातूनच जात होता, आणि त्यात मराठा पोरेही होती.

त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी, चाकणहून निघणारा रस्ता शिक्रापूरला जिथे नगर रस्त्याला मिळतो त्या भागात, कोरेगाव भीमाला हिंसाचार झाला होता. दोन्ही घटनांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. तरी प्रत्येक वेळी कानावर आलेले स्पष्टीकरण एकच होते: बाहेरचे लोक घुसले. मला ते पटत नाही. ज्या पिंपरी-चाकण पट्ट्यात एवढी वस्ती बाहेरगावची आहे, तिथे बाहेरचा म्हणायचे कोणाला?

हा पट्टा उभाच राहिला तो बाहेरून आलेल्यांच्या बळावर. पिंपरीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को. पुढे सातारा, सोलापूर, लातूर, बीडहून आणि मग उत्तर भारतातून माणसे येतच राहिली. या माणसांना एकमेकांशी जोडणारी गोष्ट होती ती युनियन. 1989 मध्ये टेल्कोचे हजारो कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, ते राजन नायर या मल्याळी नेत्यामागे. बहुतेक कामगार मराठी, नेता केरळचा, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तो काळ सोन्याचा होता असे मुळीच नाही. कामगारांत दोन संघटनांमुळे उभी फूट होती, मारहाण झाली, शेवटी पोलिसांनी रात्रीतून उपोषण मोडले. पण ती फूट करारावरून होती. दोन्ही बाजूंना सगळ्या जातींची माणसे होती, आणि करारावरची भांडणे नव्या करारानंतर निवतात. जातीवरून पडलेल्या फुटीला असा शेवट नसतो.

आज चाकणच्या लाइनवर पर्मनंट मोजके आहेत. बाकीचे कंत्राटी, ट्रेनी, अप्रेंटिस. ठेकेदार बदलला की गेटपास बदलतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे आडनाव कळण्याआधी तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. बजाजच्या चाकण कारखान्यात 2013 च्या जूनमध्ये संप सुरू झाला आणि तो जवळपास पन्नास दिवस चालला. तेवढे दिवस तग धरायला मागे संघटना लागते. कंत्राटी पोराच्या मागे कोण आहे? पगार कापला तर तो कोणाकडे जातो? खोलीवर येतो आणि मोबाइल उघडतो. तिथे गावाकडचा ग्रुप असतो, जातीचा ग्रुप असतो, धर्माचा असतो. त्याचे कोणी ऐकून घेत असेल तर तिथेच. राग ठेकेदारावरचा असतो, ग्रुप त्याला दुसरेच नाव सुचवतो: ओबीसी, मराठा, मुसलमान, भैया.

बीडमध्ये 2025 साली पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावे काढून फक्त नावे ठेवली गेली. आडनाव वाचून नागरिकाने पोलिसाबद्दल आणि पोलिसाने नागरिकाबद्दल मत बनवू नये म्हणून. त्या जिल्ह्यातली कितीतरी पोरे म्हाळुंगे, निघोजे, मोशीत खोली करून राहतात. गावाकडचा ताण त्यांच्या सामानाबरोबरच येतो. खोलीत चौथा जोडीदार घेताना ‘आपल्यातलाच बघ’ असे आता उघड म्हटले जाते, हे फार वाईट आहे. भाडे वाटून घेणाऱ्या माणसांची ही ओढाताण पाहून मला राग येतो तो त्या पोरांचा नाही.

राग येतो तो नेत्यांचा. शिरूर लोकसभा मतदारसंघात 2019 ला शिवाजीराव आढळराव पाटील शिवसेनेकडून अमोल कोल्हे यांच्याविरुद्ध लढले. कोल्हे तेव्हा राष्ट्रवादीचे. 2024 ला पुन्हा तेच दोघे समोरासमोर आले, पण आता राष्ट्रवादीची दोन शकले झाली होती आणि आढळराव त्यातल्या अजित पवार गटाचे उमेदवार होते. मावळातही दोन शिवसेना एकमेकींसमोर उभ्या होत्या. पक्ष ओलांडणे नेत्यांना इतके सोपे आहे. त्यांच्या प्रचारात एकमेकांना नको ते बोललेले कार्यकर्ते मात्र त्याच गावात राहतात, त्यांचे तुटलेले बोलणे कोणी जोडून देत नाही. आणि दंगलीचे गुन्हे अंगावर असलेल्या पोराकडे कंपनी गेटवर पोलीस व्हेरिफिकेशन मागते, तेव्हा एकही नेता सोबत येत नाही.

शांतता समितीच्या बैठका सणाच्या तोंडावर होतात, त्या व्हाव्यात. पण खरे काम कारखान्यात आहे. शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणी मालक आणि कामगारांची संयुक्त कार्यसमिती नेमायला लावण्याची तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. या समित्यांवर कंत्राटी पोरांना बसवा. कॅन्टीन, बस, ओव्हरटाइम, सुट्ट्या या विषयांवर बीडचा वंजारी, जालन्याचा मराठा, गोरखपूरचा मुसलमान आणि खेडचा भूमिपुत्र यांना एका टेबलावर बसून भांडू द्या. कामगार खात्याने चाकण औद्योगिक क्षेत्रातल्या कोणत्या कंपनीत अशी समिती आहे आणि तिच्यावर किती कंत्राटी कामगार आहेत, याची यादी जाहीर करावी. पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण हीच यादी मागू.