ओसाकातले धिरडे
परक्या गावाची खरी ओळख देवळात होत नाही, तव्यापाशी होते. ओसाकाला मी 'ओकोनोमियाकी'च्या दुकानात शिरलो. 'ओकोनोमी' म्हणजे आवडीप्रमाणे, 'याकी' म्हणजे भाजलेले, एवढेच ठाऊक होते. गव्हाचे पीठ, अंडे अन् बारीक चिरलेली पानकोबी एकत्र कालवून तापल्या लोखंडावर पडली, चर्र झाले आणि मी उद्गारलो, "अरे, हे तर आपले धिरडे!" हिरोशिमाला हेच न कालवता थराथरांनी रचतात, मधे शेवयाही घालतात.

महायुद्धानंतर जपानात तांदूळ मिळेना, तेव्हा अमेरिकेतून आलेल्या गव्हाच्या पिठावर हा पदार्थ फोफावला. १९७२च्या दुष्काळात आमच्या यवतमाळच्या घरीही रेशनची लाल मिलो ज्वारी आली, तीही अमेरिकेचीच. आईने तिच्या पिठात कांदा-मिरची घालून धिरडी केली. मी नाक मुरडून ताट सरकवले. ती तिने मुकाट्याने खाल्ली.

अन् इथे, वाचकहो, तसल्याच टंचाईतून वर आलेल्या धिरड्याला पैसे मोजून मी बोटे चाटीत होतो! दुकानदाराने खुणेने विचारले, "आणखी एक?" मी मान हलवली. आई असती, तर हसली असती.